दिपोटीची सुट्टी

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. नोकरी झाली, निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, बायको गेली, तरी टाळत आलो. टाळण्याचं मला चांगलं अंग आहे. घरात विषय त्या बाजूला वळायला लागला की मी चष्मा शोधायला उठतो.

या वर्षी मात्र उठून जायला जागा उरली नाही. माझी नात तिसरीत आहे. बोलायला बसली की मोठ्यांना गप्प करते, आणि पुस्तक उघडलं की घामाघूम होते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकदा तपासून घ्या. सूनबाई तिला पुण्यात एका केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का? सूनबाईनं तिथूनच मला फोन लावला.

"बाबा, आपल्याकडं कुणी होतं का असं? हुशार, पण वाचता न येणारं?"

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही."

फोन ठेवला आणि स्वतःचा इतका संताप आला की हातातला चहा तसाच मोरीत ओतून दिला. हेच उत्तर, जवळजवळ याच शब्दांत, मी पूर्वी एकदा दिलं होतं. त्यातून काय झालं ते मला पुरतं माहीत होतं. तरी या वयात, फोनवर, कुणीही अंगावर येत नसताना, जिभेवर तेच आलं. म्हणून आता लिहितो. होती. माझी धाकटी बहीण होती.

पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. आमचं गाव बारामतीपासून सायकलनं जाण्याच्या अंतरावर, निरेच्या डाव्या कालव्याखाली. वडील थोडा ऊस लावायचे आणि बाकी सगळी तरकारी: वांगी, दोडका, कांदा. बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी भरायची आणि पहाटे बारामतीची वाट धरायची. मी सातवीची फायनल पास होऊन गावातल्याच बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. दोन खोल्या, दोन मास्तर. वरचे वर्ग हेडमास्तरांकडं, खालचे माझ्याकडं. बहीण चढत चढत तिसरीत आली आणि तिथंच अडकली. त्या वर्षी ती दुसऱ्यांदा तिसरीत बसली होती.

शाळेत ती मला गुर्जी म्हणायची आणि घरी दादा. त्यात कधी गफलत नाही. घरी मी अभ्यासावरून बोलायला लागलो की विचारायची, "आत्ता गुर्जी बोलतोय का दादा? तसं सांग, म्हंजी मला बसायचं का उभं ऱ्हायचं ते कळंल."

तिला काय येत होतं ते आधी सांगतो, कारण तेव्हा ते कुणी धरलंच नाही. पाढे पाठ, पावकी-निमकीसकट. कविता एकदा कानावर पडली की तिची झाली. बाजारात कुठल्या गिऱ्हाइकाकडं आपली भाजीची पाटी राहिली, कुणाला कोवळी वांगी लागतात, हे वडील तिलाच विचारायचे. आणि या पोरीपुढं पुस्तक ठेवलं की बैल चिखलात बसावा तशी बसायची.

'घर' हा शब्द घ्या. काना नाही, मात्रा नाही. ती वाचायची, "धर."

"नीट बघ."

नीट बघायची. "घर."

मी हुश्श करायचो. खालच्या ओळीत तोच शब्द. "धर."

"अगं, आत्ता वर काय वाचलंस?"

"घर."

"मग हे काय आहे?"

"हे खालचं हाय न्हवं."

एकदा म आणि भ शेजारीशेजारी काढून दाखवत होतो. याच्या डोक्यावर गाठ आहे, त्याच्या डोक्यावर नाही. ती म्हणाली, "एकाच घरची पोरं हाईत ही, दादा. एकाच्या डोक्याला मुंडासं, एक बोडकं. लांबनं कुनाला कळनार?"

"लांबून कुठं? पाटी तुझ्या नाकासमोर आहे!"

"मला लांबच वाटतं."

मी पाटी जमिनीवर आपटली. फुटली. दुसऱ्या दिवशी त्याच फुटक्या पाटीवर तिला पुन्हा म आणि भ गिरवायला लावले, आणि चुकली म्हणून हातावर पट्टी मारली. कितीदा मारली असेल ते मी मोजलं नाही. मारून झालं की मलाच रडू यायचं, आणि मग त्या रडण्याचाही राग यायचा. मला खात्री होती की ही मुद्दाम करते. जिला सबंध कविता एकदा ऐकून येते, तिला दोन अक्षरं येत नाहीत, हे मला पटणंच शक्य नव्हतं. वर गावाचा मार वेगळा. पारावरून जाताना एखादे तात्या हमखास विचारायचे, "काय गुर्जी, गावाच्या पाट्या लिवल्या, घरची पाटी कवा लिवनार?"

उपाय काही कमी केले नाहीत. आईनं कन्हेरीच्या मारुतीला नारळ बोलला. सुप्याच्या बाजूला कुणी बाई वेखंड मंतरून देते म्हणून वडील तिला गाडीत घालून तिकडं घेऊन गेले. वेखंडानं जीभ सुधारते म्हणतात; पण तिची जीभ आधीच घरात सगळ्यांत चांगली चालत होती, हे कुणाच्या लक्षात येईना. आत्याबाईंनी सांगितलं, अक्षरं लिहिलेली पाटी धुवून ते पाणी पाजा. आईनं तेही पाजलं. पोरीला हगवण लागली. अक्षर काही आलं नाही.

शेवटी मी शिकलेला माणूस म्हणून बारामतीच्या डॉक्टरकडं न्यायचं काढलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, कानाशी घड्याळ धरलं. मग खिडकीतून समोरचा लिंब दाखवून विचारलं, "त्या झाडावर काय दिसतं?"

"होला हाय," ती म्हणाली. "पिल्लू बी हाय संगं. त्येची मान तेवडी दिसती."

डॉक्टरांनी चष्मा लावून बघितलं तेव्हा त्यांना होला दिसला. पिल्लू दिसलंच नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "डोळे उत्तम, कान उत्तम. डोकंही चांगलं आहे."

"मग वाचत का नाही?"

"ते मला माहीत नाही. काहीतरी आहे, पण माझ्या पुस्तकात नाही. पुण्याला कुणाला ठाऊक असलं तर बघा. आणि मास्तर, मारून येण्यासारखं असतं तर एव्हाना आलं असतं."

परतताना वडील सबंध रस्ता धुसफुसत होते. "सुई न्हाय टोचली, पुडी न्हाय दिली. 'ठावं न्हाय' म्हनतोय. ह्यो कसला डागतर?" मी वडिलांना दुजोरा दिला. सगळ्या उपायांत ज्या एका माणसानं खरं सांगितलं, त्यालाच आम्ही दोघांनी नालायक ठरवलं.

त्याच वाटेवर वडिलांनी निकाल सांगून टाकला. "औंदा वर चढली तर शिकू दे. न्हाय चढली तर बास. वाफ्यात हात कमी पडत्यात."

तिनं ते ऐकलं. तिच्या बरोबरीच्या मुली तेव्हा चौथीत, हेडमास्तरांच्या खोलीत बसत होत्या. मधल्या सुट्टीत ही त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "दादा, मला चौथीत बसू दे. मागं बसंन. कुनाला दिसायची न्हाय."

"मी कोण बसू देणारा? दिपोटी ठरवतात."

आता दिपोटीबद्दल सांगायला हवं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचा हुद्दा कागदावर लांबलचक होता, गावाला त्यातल्या डेप्युटीचं दिपोटी एवढं पुरायचं. वर्षातून एकदा यायचे, प्रत्येक वर्गाची परीक्षा घ्यायचे, आणि कोण वर चढणार ते त्यांच्या हातात असायचं. वर्गाचा निकाल वाईट लागला की मास्तरांवर शेरा, आणि पुढं कुठल्यातरी आडगावी बदली. पण निकाल धरायचा तो हजर असलेल्या पोरांवर. गैरहजर पोर पासातही नाही, नापासातही नाही. त्यामुळं आदल्या दिवशी कच्च्या पोरांना सांगायचं, उद्या येऊ नका. आमच्याच शाळेत नव्हे, आसपास बऱ्याच ठिकाणी हीच रीत होती. पोरं तिला दिपोटीची सुट्टी म्हणायची. आईबापांची तक्रार नसायची. कांदा काढायला तेवढेच हात मिळायचे. साहेब खूश, मास्तर खूश, घरचे खूश. आणि दर वर्षी तीच पोरं शेतात. जे पोर परीक्षेला बसलंच नाही ते वर तरी कसं चढणार, हा साधा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

त्या वर्षी हेडमास्तर म्हणाले, "कच्ची पोरं सांगून ठेवा." मग पानाची पिंक टाकली. "घरचीसुद्धा."

संध्याकाळी मी तिला गोठ्यापाशी गाठलं. "उद्या शाळेत येऊ नकोस."

"का? मी आजारी न्हाय."

"दिपोटी येणारेत."

तिला आधी थट्टा वाटली, हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "दादा, त्येंना सांग, तोंडी इचारा म्हनावं. तोंडी मला समदं येतंय. कविता म्हनंन, हिशेब सांगंन. निस्तं वाचायला लावू नका म्हनावं."

"असं सांगता येत नाही."

"का?"

"परीक्षा म्हणजे वाचन."

"आसं कुनी ठरवलं?"

"गप बस," मी म्हणालो. दादा बोलत होता का गुर्जी, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिपोटी आले ते सायकलवरून, धोतराचा सोगा वर खोचून. साहेब त्या वर्षी नवेच होते. खुर्ची नको म्हणाले आणि पोरांत सतरंजीवर बसले. वाचन झालं, शुद्धलेखन झालं, वर्ग चांगला निघाला. हेडमास्तर दारात हात बांधून उभे होते. मग साहेब माझ्याकडं वळले.

"मास्तर, एक विचारतो. तुमच्या वर्गात असं एखादं मूल आहे का, की तोंडी सगळं सांगतं, पण वाचायला-लिहायला अडतं? मठ्ठ नव्हे. चांगलं हुशार, पण अक्षरापाशी अडणारं. पुण्याला मी अशी मुलं बघितलीत. खोड्या करत नाहीत ती, त्यांना खरंच अवघड जातं. अशा मुलाची मी तोंडी परीक्षा घेतो आणि वर चढवतो. शिकवायचं कसं तेही सांगतो. आहे कुणी?"

हेडमास्तर माझ्याकडं बघत होते. तिचं नाव घेतलं तर ती आज कुठं आहे, का नाही, बाकीची जागा रिकामी का, सगळं निघालं असतं. हे मी आता म्हणतो. तेव्हा एवढा विचार केला असेन असं वाटत नाही. डॉक्टरनं पुण्याला विचारा म्हटलं होतं, आणि पुणं स्वतः सायकलवर बसून माझ्या वर्गात आलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "कुणी नाही."

साहेबांनी मान हलवली. "सगळ्या शाळांत हेच सांगतात," ते स्वतःशीच म्हणाले आणि पोरांना कविता म्हणायला सांगितली.

पोरं जोरात सुरू झाली. मध्ये एका कडव्यापाशी सगळी अडखळली, आणि ओसरीवरून एका आवाजानं पुढची ओळ उचलली. साहेबांनी बाहेर बघितलं. "कोण आहे ते?"

बहीण होती. साहेबांचं जेवण हेडमास्तरांच्या घरी असायचं आणि भाजी आमच्या मळ्यातून जायची. आईनं वांग्यांची पाटी देऊन तिला पाठवलं होतं. धुतलेलं परकर-पोलकं, केसांना तेल, कपाळावर कुंकू ठळक. वांगी पोचवायला एवढा थाट कुणी करत नाही.

साहेबांनी तिला आत बोलावलं. "छान म्हटलंस. कितवीत आहेस ग?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरचा खडू उचलला आणि फळ्याकडं वळलो. फळ्यावर लिहायचं काही नव्हतं.

"मी न्हाय शाळंत," ती म्हणाली.

"मग कविता कुठं शिकलीस?"

"भाईर उभं ऱ्हाऊन."

वर्गात तिच्या शेजारी रोज बसणाऱ्या मुली होत्या. एकही हसली नाही, एकीनंही तोंड उघडलं नाही. रीत त्यांनाही माहीत होती.

"हिच्या घरच्यांना ओळखता का, मास्तर?" साहेब म्हणाले. "अशी पोर शाळेबाहेर ठेवू नये. सांगा त्यांना."

"हो साहेब," मी म्हणालो. "सांगतो."

निकाल उत्तम लागला. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि साहेबांना वांग्याचं भरीत फार आवडलं असंही सांगितलं. बहीण गैरहजर, म्हणून तिसरीतच. वडिलांनी पुन्हा काही विचारलं नाही. सोमवारी तिच्या हातात खुरपं दिलं. ती रडली नाही, भांडली नाही. मला त्याचीच चीड यायची. भांडली असती तर मला तरी काही बोलता आलं असतं.

पुढं तिचं लग्न झालं, इंदापूरच्या बाजूला दिली. कालवा तोच, पण ते टोक. आमच्याकडं पाटाला पाणी असायचं तेव्हा असायचं. तिच्याकडं पाळी लावून, वाट बघून, कधी मिळायचं, कधी वरच्यावरच जिरायचं.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बारामतीच्या एस.टी. स्टँडवर मला तेच साहेब भेटले; आमच्या शाळेला नंतर दुसरे दिपोटी येत होते. त्यांनी मला ओळखलं, हीच मोठी पंचाईत.

"मास्तर, त्या वांगीवाल्या मुलीला शाळेत घातलं का?"

"हो साहेब."

"वा! वाचते?"

"जरा अडते," मी म्हणालो. घ दाखवला तर ध म्हणते, म दाखवला तर भ म्हणते, हेही सांगितलं.

साहेबांचा चेहरा उजळला. "तरीच! मग असं करा. परातीत ओली वाळू घ्या. बोटानं मोठ्ठं अक्षर काढायला लावा, काढताना तोंडानं म्हणायला लावा. एका वेळी एकच. त्याच्यासारखं दिसणारं दुसरं, पहिलं पक्कं झाल्याशिवाय दाखवूच नका. आणि तिला ओरडू नका." एस.टी. सुटेपर्यंत ते सांगत राहिले. मी चांगल्या विद्यार्थ्यासारखा माना डोलावत होतो. त्या मुलीचं लग्न झालंय, हे काही तोंडातून निघालं नाही.

पुढच्या रविवारी मी इंदापूरची गाडी धरली. सडकेला उतरून तिच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. लेकरू झोळीत झोपलेलं, सासू बाजाराला गेलेली. मला बघून तिला कोण आनंद.

"परात आण," मी म्हणालो.

"आल्या आल्या जेवायला? पानी तरी पी."

"जेवायला नाही. वाळूला."

ती हसत सुटली. पण आणली. ओढ्यातली वाळू होतीच, ओली केली. मी मोठ्ठा म काढला, तिचं बोट धरून फिरवला, म्हण म्हटलं. तिनं दोनचारदा काढला. मग डोळे मिटून काढला. बरोबर.

"हे बरं हाय की," ती म्हणाली. "बोटाला कळतंय." आणि तिचं बोट वाळूतच थांबलं. "हे तुला कवा कळलं?"

"आत्ताच. त्या दिपोटी साहेबांनी सांगितलं."

"त्येंना तवाच ठावं हुतं न्हवं?"

मी परातीतली वाळू सारखी करायला लागलो.

"मी भाईरच हुते, दादा. पाटी डोक्यावर घिऊन उभी. त्ये इचारत हुते, आसं कुनी हाय का. मला वाटलं, आता तू हाक मारशील. म्हनून पाटी खाली ठिवली." ती परातीकडंच बघत होती. "मग तू न्हाय म्हन्लास. आता साहेबाफुडं तुला खोटं पाडायचं का? म्हनून मी बी न्हाय म्हन्लं."

मी म्हणालो, "बाय, त्या दिवशी मी..."

तेवढ्यात बांधावरून तिच्या दिरानं आरोळी दिली, "वैनी! पानी सुटलंऽ!"

ती ताडकन उठली. "बाई बाई, पाळी आली! दादा, बघत काय ऱ्हायलास? ह्ये फावडं घे. तू खालची दारं धर, मी वरनं येते." टोकाच्या रानात पाणी आलं की कुणी कुणाचं ऐकत नाही. मी धोतर खोचून दुपारभर दारं धरली, एक वाफा भरला की फोडून दुसऱ्यात, मातीत पाय रुतवून. एकदोनदा तिला हाक मारली. तिला वाटलं वाफा फुटला. ती फावडं घेऊन धावत आली. मी नाही नाही म्हणून परत पाठवली.

संध्याकाळी परतताना तिनं भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं दिलं. परातीतली वाळू तिनं दाराबाहेर ओतली होती आणि त्याच परातीत भाकरीचं पीठ मळत होती. "म यायला लागला मला," हसून म्हणाली. "फुडच्या टायमाला ल्हान पोराला शिकीव. मला आता कुटं बसवतोस चौथीत?"

त्यानंतर पुष्कळदा भेटलो. लग्नं, बारशी, दहावे. दर वेळी मनाशी ठरवून जायचो, दर वेळी काहीतरी निघायचं. पाहुणे, पंगत, गाडीची वेळ. काही निघालं नाही तर मीच काढायचो. ती गेल्याला आता काही वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

हे लिहून झालं की सूनबाईच्या हातात देणार आहे. डॉक्टरीणबाईंना सांग म्हणून: होती, घरात होती, आणि नातीला ओरडू नका.

आणि बाय, तुला जे सांगायचं दुपारभर चिखलात राहिलं ते हे. साहेब, आहे. बाहेर ओसरीवर उभी आहे. माझ्याच वर्गातली आहे, माझी बहीण आहे, तिला आत बोलवा. एवढंच म्हणायचं होतं मला, आणि मी म्हणालो नाही. तू माझ्यासाठी खोटं बोललीस. माझं चुकलं, बाय.